परतवाड्याची फिनले, ग्लासगोचे फिनले

वऱ्हाडातल्या परतवाडा-अचलपूर या जुळ्या गावांत ‘फिनले’ म्हणजे मिल. मूळचं हे आडनाव स्कॉटलंडमधल्या एका व्यापारी घराण्याचं. जेम्स फिनले यांनी 1750 साली ग्लासगोत पेढी थाटली आणि तिला सुताच्या धंद्यात नाव मिळवून दिलं ते त्यांचा मुलगा कर्कमन (1773–1842) याने. 1798 ते 1808 या काळात त्याने बॅलिंडालॉक, कॅट्रिन आणि डीन्स्टन इथल्या गिरण्या एकेक करून ताब्यात घेतल्या. नदीच्या पाण्यावर चाकं फिरत. कापूस मात्र समुद्रापलीकडून आणावा लागे. हिंदुस्थानच्या व्यापारावर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती, तिच्याविरुद्ध कर्कमन झगडला. 1813 साली ती संपली आणि 1816 साली त्याचं जहाज थेट मुंबईला निघालं.

व्हिक्टोरियाच्या काळात घराण्याचा हात सुटत गेला आणि पेढीची सूत्रं जॉन म्यूर यांच्याकडे आली. त्यांनी चहात पैसा घातला. मुन्नारचे मळे त्यातलेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरणगावात याच पेढीची फिनले मिल उभी राहिली. इकडे वऱ्हाडचा कापूस जिनिंगमध्ये सरकीपासून सुटून, गाठी बांधून, अचलपुराहून अरुंद रुळांच्या ‘शकुंतला’ आगगाडीने मूर्तिजापूर गाठी आणि तिथून मुंबईला जाई. अचलपुरात विदर्भ मिल होती, तरी इथला बहुतेक कापूस बाहेरगावीच पिंजला-कातला गेला.

1982 साली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप झाला. पुढच्याच वर्षी सरकारने मुंबईच्या ज्या तेरा गिरण्यांचा कारभार हाती घेतला, त्यांत फिनले होती. 1995 साली ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची झाली. विदर्भ मिल तर 1974 पासूनच महामंडळाकडे होती. पुढे महामंडळाने फिनले मुंबईतून हलवून अचलपुरात नव्या यंत्रांनिशी उभारली. जिथे कापूस पिकतो तिथेच सूत निघू लागलं. घरचं जेवून पाळीला जाता येईल असं पक्कं काम पोरांना मिळालं. मार्च 2020 च्या टाळेबंदीत महामंडळाच्या इतर गिरण्यांबरोबर तीही थांबली. ती सुरू व्हावी म्हणून कामगारांनी आंदोलनं केली.

तिकडे स्कॉटलंडमध्ये कर्कमनची डीन्स्टनची गिरणी 1965 साली बंद पडली, पण तिच्या इमारतीत व्हिस्कीची भट्टी सुरू झाली. नदीचं पाणी तेच. परतवाड्याला दुसरा धंदा शोधायची गरज नाही, कारण कापूस शिवारात आहे आणि हाताला सवय झालेला कामगार गावात. कमी आहे ती एकाच गोष्टीची. फिनलेचा निर्णय आधी ग्लासगोत झाला, मग मुंबईत, आता दिल्लीत होतो. कापसापर्यंत मिल पोचली. मिल चालवायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार अजून वऱ्हाडात यायचा आहे.