लाव्यांची अंडी आणि आषाढाची दमट हवा

रायपूर शहराला उत्तरेकडून लागून, उरला आणि सिलतरा येथील लोखंडाच्या कारखान्यांच्या शेजारी वसलेल्या बीरगांवात मे महिन्याच्या अखेरीस नौतपा लागला, की पारा ४५ अंशांच्या आसपास जाऊन पोहोचतो. पत्र्याच्या छपराखाली पाळलेल्या पक्ष्यांची काळजी काय ती याच दिवसांत घ्यावयाची आणि पहिला पाऊस पडताच निर्धास्त व्हावयाचे, असा एक सर्वसाधारण समज आहे. जपानी लाव्याच्या बाबतीत तो निम्माच खरा आहे.

हा पक्षी आपल्या मुलुखात १९७४ साली कॅलिफोर्नियाहून इज्जतनगर येथे आणला गेला, आणि तेथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने पुढे त्याची वाणे सर्वदूर पोहोचविली. मादीचे वजन दीडशे-दोनशे ग्रॅम, तीत सहा-सात आठवड्यांतच अंडी घालू लागण्याची घाई, आणि योग्य खाद्य व दिवसाकाठी १६ तास उजेड मिळाल्यास वर्षाला अडीचशेच्या वर अंडी. एवढ्याशा देहावर हा भार काही लहान नव्हे. त्यात आणखी एक अडचण अशी, की कोंबडी बहुधा सकाळीच अंडे घालून मोकळी होते, तर लाव्याची मादी दिवस कलल्यावर, म्हणजे पत्रा तापून तापून शेडमध्ये जीव नकोसा झालेला असतो त्या वेळी, अंड्याला बसते.

पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. उष्मा असह्य झाला म्हणजे लावा पंख अंगापासून दूर धरतो, चोच उघडी टाकतो आणि त्याचा गळा भराभर थरथरू लागतो. श्वासावाटे उडून जाणारे प्रत्येक ग्रॅम पाणी शरीरातील सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. परंतु या धापांबरोबर कर्बद्विप्राणिदही प्रमाणाबाहेर बाहेर पडतो, रक्त अधिक अल्कधर्मी होते, मुक्त कॅल्शियम व बायकार्बोनेट घटतात, आणि ज्या कॅल्शियम कार्बोनेटचे कवच घडावयाचे त्याचाच तुटवडा पडून अंडे बोटाच्या हलक्या दाबानेही पिचते. रक्ताचा ओघ त्वचेकडे वळल्यामुळे अंडाशयाचा वाटा कमी होतो, भूक मंदावते, अंड्यांची संख्या उतरते, ती बहुधा या साऱ्यांच्या संगनमताने.

आता आर्द्रतेचा प्रश्न. मे महिन्यात ४२ अंश तापमान व २० टक्के आर्द्रता असताना ओले फडके गुंडाळलेला तापमापक सुमारे २४ अंश दाखवितो. आषाढात तापमान ३२ पर्यंत उतरले, पण आर्द्रता ८५ टक्क्यांवर चढली, तर तोच सुमारे ३० दाखवितो. माठातले पाणी उन्हाळ्यात गार आणि पावसाळ्यात कोमट का, याचे उत्तरही हेच आहे. बाष्पीभवनाची वाट अडली, की पक्ष्याची धाप वाढते, पण तिचे फळ मिळत नाही. आणि पालक मात्र पारा उतरला म्हणून समाधानी असतो.

सबब फॉगरची तुषारसिंचन व्यवस्था कोरड्या दिवसांत कितीही गुणकारी असली, तरी आषाढात ती बंद ठेवणेच शहाणपणाचे, कारण तेव्हा ती खालचा तूस भिजवून अमोनिया वाढविते आणि गोदामातील मक्याला बुरशी लागण्यास हातभार लावते. तेव्हा पंखा हवा, उघड्या जाळ्या हव्यात, पिंजऱ्यातील गर्दी कमी हवी. खाद्याची तजवीज दोन्ही ऋतूंत पहाटे दिवा लावून व सूर्यास्तानंतर करावी, दुपारी नव्हे. अन्नपचनानेही अंगात उष्णता निर्माण होते. गार पाणी तर हाताशी असावेच, आणि पाण्यात थोडा खाण्याचा सोडा मिसळल्यास रक्तातील उणे पडलेला बायकार्बोनेट काही अंशी भरून निघतो. मात्र त्याचे प्रमाण पशुवैद्याकडूनच ठरवून घ्यावे. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात दिल्यास माथ्यावरील उष्णता घटते. शेडमध्ये साध्या तापमापकाशेजारी ओल्या फडक्याचा दुसरा तापमापक टांगण्याचा खर्च अगदी किरकोळ आहे. दोन आकड्यांतील अंतर आठ-दहा अंशांचे असेल तोवर फॉगर चालवावा, ते दोन-तीन अंशांवर आले, की नळ बंद करून पंखे सुरू करावेत.