ताटलीच्या पाठीवरचे शब्द

रत्नागिरीत पावसाळ्याचे चार महिने भांड्यांच्या परीक्षेचे असतात. पितळेची तकाकी दोन दिवसांत उतरते. कल्हई उडालेल्या पातेल्यात आमसुलाचे सार राहिले तर ते कळकते. तवा तेल न लावता ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस गंज दिसतो. म्हणूनच मिठातल्या कैऱ्या, लोणचे, कोकमाचे आगळ यांसाठी कोकणातल्या घरांनी फार पूर्वीपासून चिनी मातीची बरणी जवळ केली. बरणीवरचा काचेसारखा लेप आंबटाला बधत नाही आणि मिठालाही बधत नाही. बरणीवरचा हा विश्वास इतका जुना, की चिनी माती फडताळातून ताटात आली तेव्हा ती कशाची बनली आहे हे विचारावे असे कोणाच्या मनातही आले नाही.

गेल्या वर्षी आमच्या घरी लग्न झाले. आहेरात बशा, वाट्या आणि ताटल्यांचा एक पांढराशुभ्र, सोनेरी काठांचा संच आला. तीन-चार महिने तो रोजच्या वापरात होता. एके दुपारी भांडी पुसताना सूनबाईंनी ताटलीची पाठ वाचली आणि मला विचारले, "आई, बोन चायना म्हणजे काय हो?" मी ते कारखान्याचे नाव समजत होते. अर्थ कळल्यावर आम्ही दोघीही गप्प झालो. सासूबाईंचे वय ऐंशीच्या पुढे. सूर्यास्तापूर्वी जेवणे आणि जेवण झाल्यावर ताट धुऊन ते पाणी पिणे, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. त्यांना हे सांगावे की सांगू नये?

दूधवर्णी शुभ्रतेचे मूळ

बोन चायना हे व्यापारी नाव नाही. तो भांडे घडवण्याच्या मिश्रणाचा प्रकार आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जोसाया स्पोड यांनी या मिश्रणाला निश्चित रूप दिले. परंपरेने त्याचा जवळजवळ निम्मा भाग म्हणजे गुरांच्या हाडांची राख. उरलेल्या भागात केओलिन ही पांढरी माती आणि फेल्डस्पारयुक्त दगडाची पूड. या राखेमुळेच भांडे पातळ असूनही चिवट होते, त्याला उबदार दुधाळ रंग येतो आणि उजेडासमोर धरले तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पांढरे आणि चकचकीत असे प्रत्येक भांडे हाडांच्या राखेचे नसते. साधे पोर्सलिन, जाड स्टोनवेअर आणि आपली बरणी यांत माती व दगड यांखेरीज काही नसते. शिवाय पातळ पोर्सलिनमधूनही उजेड पाझरतो. त्यामुळे केवळ डोळ्यांनी पारख करू नये. पाठीवरचे अक्षर वाचावे आणि ते नसेल तर दुकानदाराला स्पष्ट विचारावे.

धारेच्या दगडाचा चुरा

याच सुमारास कामानिमित्त जपानला गेलेला भाचा परतला आणि त्याने सहा वाट्या आणल्या. जाड काठ, किंचित करडी झाक असलेला पांढरा रंग आणि त्यावर चार-पाच फटकाऱ्यांत काढलेली निळी वेल. या वाट्या शिकोकू बेटावरील टोबे या गावच्या.

जपानमध्ये पोर्सलिनचा आरंभ सतराव्या शतकात क्यूशू बेटावरील आरिता येथे झाला. तेथील इझुमियामा टेकडीवर योग्य दगड सापडला. हा दगड कुटून, पाण्यात निवळून त्याचीच माती करतात. त्यात हाडांची राख लागत नाही. शतकाच्या मध्यापासून डच व्यापाऱ्यांनी आरिताची भांडी युरोपात नेली आणि इमारी बंदराच्या नावाने ती प्रसिद्ध झाली. ती मुख्यतः श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी होती.

टोबेची गोष्ट निराळी आहे. तेथे हत्यारांना धार लावण्याचे दगड निघत आणि त्यांच्या चुऱ्याची विल्हेवाट लावणे हा गावकऱ्यांना जाच होता. त्याच चुऱ्यापासून पोर्सलिन करता येईल का, हे पाहण्याचे काम ओझूच्या सरदाराने १७७५ च्या सुमारास हाती घेतले. सुगिनो जोसुके या माणसाने वारंवार भट्ट्या लावल्या. लेपाला तडे जात राहिले. अखेरीस दोष मातीचा नसून लेपाच्या दगडाचा आहे हे उमगले आणि १७७७ मध्ये पहिले निर्दोष पांढरे भांडे निघाले. टाकाऊ म्हणून गावाला नकोशी झालेली वस्तू त्याच गावाचे पोट भरू लागली.

त्या काळी ओसाकाजवळ योदो नदीतून प्रवासी नावा जात. लहान होड्या त्यांच्या कडेला येऊन खाणे विकत आणि "खाणार का?" अशा अर्थाची रांगडी आरोळी ठोकत. त्या जाड बुडाच्या, सहज न कलंडणाऱ्या वाट्यांना त्या आरोळीवरूनच 'कुरावांका' हे नाव पडले. हासामी गावाने आणि टोबेनेही अशा वाट्या केल्या. मुंबईच्या बोटीसाठी किनाऱ्यावरून पडावात बसल्याच्या आठवणी ज्या घरांत अजून सांगितल्या जातात, तेथे डोलत्या पाण्यावर जाड बुडाची वाटी का हवी हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

एकदाच फिरणारा कुंचला

वाटी प्रथम सुमारे ९०० अंश सेल्सियसला कच्ची भाजतात. मग तिच्यावर 'गोसू' या कोबाल्टयुक्त रंगाने चित्र काढतात. परंपरेने हा रंग चहाच्या पाण्यात खलतात. लावताना तो मळकट काळसर दिसतो. कच्च्या भाजलेल्या मातीचा पृष्ठभाग टीपकागदासारखा असल्याने रंग टेकताच शोषला जातो. रेघ चुकली तर ती सहज पुसता येत नाही. नंतर वाटी लेपात बुडवतात आणि सुमारे १३०० अंशांपर्यंत भाजतात. भट्टी उघडल्यावर मळकट रेघ निळी झालेली असते आणि कायमची काचेखाली गेलेली असते. म्हणून दोन वाट्यांवरची वेल कधीही तंतोतंत सारखी नसते.

अशा रोजच्या, अनाम हातांनी केलेल्या वस्तूंच्या सौंदर्याला यानागी सोएत्सू आणि त्यांच्या मित्रांनी १९२५ च्या सुमारास 'मिंगेई', म्हणजे लोककला, असे नाव दिले. १९३६ मध्ये तोक्योत त्यांनी त्यासाठी संग्रहालय उभारले. १९५३ मध्ये ते कुंभार हामादा शोजी आणि बर्नार्ड लीच यांच्यासह टोबेला गेले आणि तेथे टिकून राहिलेल्या हातकामाची त्यांनी प्रशंसा केली. या विचाराचा एक धागा भारतातही आला. १९१९ मध्ये जपानला शिकायला गेलेले सरदार गुरुचरण सिंग यांनी पुढे दिल्लीत मृत्तिकाकलेची पायवाट घातली. जपानमध्ये शिकलेल्या डेबोरा स्मिथ यांनी रे मीकर यांच्यासह १९७१ मध्ये पुदुच्चेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. म्हणजे हाताने रंगवलेली स्टोनवेअरची भांडी हवी असतील तर जपानपर्यंत जाण्याची गरज नाही.

आपल्या ताटात

जपानी वाटी हातात उचलून खाण्यासाठी असते, म्हणून तिच्या बुडाला बोटे टेकवण्यापुरते कडे असते. आमटी-भाताला ती सोयीची पडते. तळहाताएवढ्या लहान बशा ताटाच्या डाव्या बाजूच्या चटणी-कोशिंबिरीला शोभतात. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. चित्र लेपाच्या खाली असावे. लेपावर रंगवलेले लाल-सोनेरी काम बशीच्या आतल्या बाजूस असेल, विशेषतः जुन्या भांड्यांत, तर त्यात सार-सोलकढी वाढू नये, कारण अशा रंगांत पूर्वी शिसे वापरत. लेपावर मुद्दाम केस-तडे ठेवलेली भांडी टाळावीत. त्या तड्यांत अन्नरस मुरतो आणि ताट धुऊन पिणाऱ्याचा नेम पुरता पाळला जात नाही. अखंड लेप मात्र घोटभर पाण्यात निर्लेप होतो. तिसरे, बुडाच्या बिनलेपाच्या कड्यावरून बोट फिरवावे. ते खरखरीत असेल तर ताटावर ओरखडे पडतात.

एक गोष्ट लपवू नये. मातीत हाड नसले तरी रंगवण्याचे पारंपरिक कुंचले बहुधा प्राण्यांच्या केसांचे असतात. ज्यांना तेवढेही नको, त्यांना साधे, न रंगवलेले पांढरे पोर्सलिन किंवा आपले स्टीलचे ताट आहेच. वस्तू पूर्ण निर्दोष मिळेलच असे नाही. पण ती जाणून घेणे आपल्या हाती असते.

सासूबाईंना आम्ही सांगितले. त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माहीत नव्हतं तोवर अजाणता झालं. आता माहीत आहे, तर आजपासून नको." संच मोलकरणीला देऊन टाकू, असे मी सुचवताच त्यांनी मला थांबवले. "द्यायचा तर कशाचा आहे ते सांगून दे. आपल्याला नको ते दुसऱ्याच्या ताटात गुपचूप सारायचं नाही." मोलकरणीला सांगितले. तिने घरी विचारून सांगते म्हटले आणि दुसऱ्या दिवशी नको म्हणाली.

तो संच अजून माळ्यावरच्या खोक्यात आहे. खोक्यावर सूनबाईंनी ठळक अक्षरांत आत काय आहे ते लिहून ठेवले आहे. सहा वाट्यांपैकी एकीचा काठ मे महिन्यात उडाला. सासूबाई तीच मागून घेतात, कारण तिच्यावरच्या वेलीला एक पान जास्त आहे.