‘सॉरी’ : अर्थ, वर्णलेखन व उपयोग

इंग्रजी भाषेंतील जे शब्द आमच्या विद्यार्थ्यांच्या जिभेवर सदा खेळत असतात, त्यांपैकीं ‘सॉरी’ हा एक होय. वर्गांत येण्यास उशीर झाला, ‘सॉरी’. शेजाऱ्याच्या वहीवर शाई सांडली, ‘सॉरी’. जो शब्द इतक्या सहज तोंडांतून बाहेर पडतो, त्याचा अर्थ मात्र फार थोड्यांनीं शोधून पाहिलेला असतो. म्हणून त्याविषयीं चार गोष्टी सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

‘सॉरी’ हें विशेषण ‘सॉरो’ म्हणजे शोक या नामापासून निघालें असावें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु वस्तुस्थिति निराळी आहे. सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या प्राचीन इंग्रजींत वेदना या अर्थाचा ‘सार’ असा शब्द होता. त्यापासून ‘सारिग्’ हें विशेषण झालें आणि त्याचेंच आजचें रूप ‘सॉरी’. खुद्द ‘सार’ हा शब्द आज ‘सोअर’ या रूपानें दुखऱ्या जागेस किंवा क्षतास लावितात. ‘सॉरो’चें मूळ ‘सोर्ग्’ हें वेगळें. त्याचा आप्त ‘झोर्ग’ हा शब्द जर्मन भाषेंत अद्याप चिंता या अर्थीं चालतो. हीं घराणीं दोन, पण अर्थाच्या शेजारामुळें एकाची छाया दुसऱ्याच्या रूपावर पडली. तात्पर्य, ‘सॉरी’ म्हणजे ज्याचें मन दुखत आहे असा.

वर्णलेखनांत एस्, ओ, मग दोन आर् व शेवटीं वाय् असा क्रम आहे. जोड आर् हें मागील स्वर ऱ्हस्व असल्याचें चिन्ह होय. कित्येक मुलें त्यांतील एक गाळितात. मराठींतही अशीच चूक आढळते. ‘पश्चात्’ म्हणजे मागाहून व ‘ताप’ म्हणजे दाह मिळून ‘पश्चात्ताप’ होतो. पण एक त् गाळून ‘पश्चाताप’ लिहिणारे थोडे नाहींत. तरतमभावाचीं रूपें करतांना वाय्‌च्या जागीं आय् येतो व ‘सॉरिअर’, ‘सॉरिएस्ट’ अशीं रूपें होतात.

आतां उपयोग पाहूं. हा शब्द विशेषण असल्यामुळें पूर्ण वाक्यांत क्रियापद हवेंच : ‘आय् अ‍ॅम सॉरी’. पुढें ‘फॉर’ येऊन कृत्याचें नांव आल्यास त्या कृत्याबद्दल खेद, व मनुष्याचें नांव आल्यास बहुधा त्याच्याविषयीं कींव, असा बोध होतो. ‘सॉरी टु हिअर’ यांत दोषाची कबुली नसते; मित्राच्या घरीं कोणी आजारी असल्याचें कळतांच आपण हे शब्द सहानुभूतीनें बोलतों. नामापूर्वीं मात्र अर्थ पालटतो. ‘अ सॉरी साइट’ म्हणजे केविलवाणें दृश्य. म्हणून क्षमेच्या अर्जांत ‘आय् अ‍ॅम अ सॉरी बॉय’ असें लिहिणारा विद्यार्थी आपण पस्तावलों असें सांगत नाहीं. आपण दीनवाणे, कुचकामाचे आहों असें सांगतो!

आमचा ‘दिलगीर’ हा शब्द फारसींतून आला. ‘दिल’ म्हणजे अंतःकरण व ‘गीर’ म्हणजे धरणारा. अंतःकरण धरलें जाणें, मागाहून दाह होणें, मन दुखणें : तिन्ही भाषांनीं एकच अनुभव सांगितला आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 21 व्या अध्यायांत दोन पुत्रांचा दृष्टांत आहे. एकानें द्राक्षमळ्यांत जाण्यास प्रथम नकार दिला, पण मागाहून पस्तावून तो गेला. दुसरा जातों म्हणाला व गेला नाहीं. पहिल्याचा पस्तावा शब्दांत नव्हे, तर पावलांत दिसला. यास्तव पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलास ‘सॉरी म्हण’ अशी आज्ञा करण्यापूर्वीं ‘तुझ्यामुळें कोणास काय दुखलें?’ असें त्यास विचारावें. शाई सांडणाऱ्यानें शेजाऱ्याचें तें पान स्वतः पुन्हां लिहून दिलें, म्हणजे या शब्दाचा अर्थ त्यास कळला असें समजावें.