कोळंबीच्या पाकिटावरचा तारा नेमका कोणाला मिळतो?

वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीत ज्यांनी नोकरी केलीय, त्यांना ‘उद्या ऑडिट आहे’ या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. फरशीवरचे पिवळे पट्टे पुन्हा रंगवले जातात, रजिस्टरमधल्या रिकाम्या जागा भरल्या जातात, आणि एरवी न दिसणारे हेल्मेट सगळ्यांच्या डोक्यावर दिसायला लागतात. तळोज्याच्या किंवा रत्नागिरीच्या मासळी प्रक्रिया कारखान्यात साधारण हेच होतं. फक्त तिथे हेल्मेटच्या जागी गमबूट, केसांची जाळी आणि क्लोरीनच्या पाण्याची टाकी असते.

‘मराठवाड्यात बसून समुद्राच्या मासळीवर कसली पीएचडी?’ हा प्रश्न मला विद्यापीठाच्या कॅन्टीनपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे विचारला गेलाय. माझं उत्तर असं की माझा विषय मासळी नाहीच, दाखला आहे. परदेशातल्या सुपरमार्केटमधल्या कोळंबीच्या पाकिटावर ‘जबाबदारीने तयार केलेलं’ अशा अर्थाचा शिक्का असतो. तो शिक्का नेमका कशाची हमी देतो, आणि कशाची देत नाही, एवढाच माझा प्रश्न. आजचा लेख त्या प्रश्नाच्या एका तुकड्यावर: सोलाईवर.

आधी थोडा इतिहास, कारण तो नसला तर पुढचं कळणार नाही. १९९७ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी युरोपीय संघाच्या तपासनीसांनी भारतातले प्रक्रिया कारखाने पाहिले आणि स्वच्छतेच्या कारणावरून आपल्या मासळीला दार बंद केलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेचा हॅसेपचा नियम लागू झाला. हॅसेप म्हणजे शेवटी माल तपासत बसण्याऐवजी, धोका कुठे शिरू शकतो ती ठिकाणं आधीच ओळखायची आणि तिथे पहारा ठेवायचा. मुळात ही पद्धत १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या जेवणासाठी तयार झाली. आणि योगायोग बघा, आज जगभर चालणारे दोन मोठे शिक्के ज्यांचे आहेत, त्या दोन्ही संस्था १९९७ च्याच. रानटी, म्हणजे समुद्रातून पकडलेल्या मासळीसाठी मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल, आणि शेततळ्यातल्या कोळंबीसाठी बीएपी हा शिक्का चालवणारी, आता ग्लोबल सीफूड अलायन्स नावाने ओळखली जाणारी संस्था.

बीएपीचे तारे चार. प्रक्रिया कारखाना, शेततळं, बीज तयार करणारी हॅचरी आणि खाद्याची गिरणी, अशा चार कड्या. जितक्या कड्या प्रमाणित तितके तारे. म्हणजे एकच तारा असलेल्या पाकिटातली कोळंबी प्रमाणित कारखान्यात गोठवली गेली एवढंच सांगता येतं. ती कुठल्या तळ्यात वाढली, याबद्दल तो तारा गप्प असतो. हे फसवणं नव्हे, नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण फ्रीझरसमोर उभं राहून नियम कोण वाचतो?

कारखान्याचा दाखला मिळवायचा तर दोन वेगळी दारं ओलांडावी लागतात, आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिलं दार सरकारी. १९६३ च्या कायद्याखालची निर्यात तपासणी परिषद आणि तिच्या एजन्सी कारखान्याला मान्यता क्रमांक देतात. तो नसेल तर युरोपला एक खोकंही जाणार नाही. दुसरं दार खासगी. परदेशी खरेदीदार म्हणतो, ‘अमुक शिक्का असेल तरच माल घेईन’, आणि मग कारखाना स्वतः पैसे मोजून एका प्रमाणन कंपनीला बोलावतो. ज्याची तपासणी होतेय तोच तपासणीचं बिल भरतो, ही व्यवस्था मला अजून पचलेली नाही. पण जगातली बहुतेक ऑडिट अशीच चालतात, वाळूजचीसुद्धा.

ऑडिटर आला की काय पाहतो? अन्नसुरक्षा, सांडपाणी, कामगार, आणि माल कुठून कुठे गेला त्याचा माग. पहिल्या दोन गोष्टी मोजता येतात. शीतगृहात उणे १८ अंश आहे की नाही हे थर्मामीटर सांगतो. नाल्यात काय सोडलं जातंय ते प्रयोगशाळा सांगते. गंमत सुरू होते माग काढताना.

ऑडिटर शीतगृहातलं कुठलंही एक खोकं उचलतो, त्यावरचा लॉट नंबर घेतो आणि कागदांवरून उलटा चालत जातो: पॅकिंग, गोठवण, सोलाई, आणि शेवटी माल उतरवल्याची पावती. मग तो वजनाचा ताळा मांडतो. समजा १० टन अख्खी कोळंबी आत आली. डोकं काढलं की साधारण सहा-साडेसहा टन उरते. साल आणि पाठीतला दोरा काढला की पाच टनांच्या आसपास. आता कारखान्याचा कागद म्हणत असेल की त्या १० टनांतून सात टन सोललेली कोळंबी निघाली, तर जास्तीचे दोन टन आले कुठून? एक शक्यता पाण्याची: फॉस्फेटच्या द्रावणात भिजवली की कोळंबी पाणी धरते, आणि वर बर्फाचा पातळ थर चढवला की वजन आणखी वाढतं. दुसरी शक्यता अशी की दुसऱ्याच कुणाची, दाखल्याबाहेरची कोळंबी मधेच मिसळली. साध्या त्रैराशिकाचं हे गणित मला सगळ्या ऑडिटमधलं सर्वांत प्रामाणिक हत्यार वाटतं. माणूस शिकवल्याप्रमाणे उत्तर देऊ शकतो, वजनाला तसं पढवता येत नाही.

आता सोलाई. कोळंबी सोलणं हे आजही मोठ्या प्रमाणात हातांचं काम आहे, आणि ते हात बहुतेक बायकांचे. मुंबईत १८७५ साली बांधलेल्या ससून डॉकवर पहाटे गेलात तर ओल्या फरशीवर ओळीने बसून करंदी सोलणाऱ्या बायका दिसतील. मजुरी वजनावर. बोटांना कोळंबीचे काटे टोचतात, सतत बर्फाच्या पाण्यात हात राहिल्याने कातडी सोलवटते. हे काम करणाऱ्यांना त्याबद्दल विचारलं तर त्या आधी हात दाखवतात, मग बोलतात.

१९९७ च्या आधी कितीतरी निर्यातदार सोललेली कोळंबीच विकत घ्यायचे. केरळच्या किनाऱ्यावर, वस्त्यांमध्ये, छोट्या छोट्या सोलाई-शेडमधून ती यायची. युरोपच्या दणक्यानंतर नियम कडक झाले: सोलाईसुद्धा मान्यताप्राप्त, तपासणीखाली असलेल्या जागेतच व्हायला हवी. स्वच्छतेच्या दृष्टीने हे बरोबरच होतं. पण टाइल्स, वातानुकूलन, शुद्ध पाणी हा खर्च छोट्या शेडला झेपणारा नव्हता. ज्यांना जमलं ते तगले, आणि घराजवळ काम करणाऱ्या बायकांपुढे प्रश्न उभा राहिला: कारखान्याच्या आवारात जायचं, की काम सोडायचं.

कारखान्याच्या आवारात जाणं म्हणजे काय, हे त्याही आधी समोर आलं होतं. जून १९९५ मध्ये कोचीनला मासळी प्रक्रिया उद्योगातल्या बायकांच्या प्रश्नावर एक जनसुनावणी झाली. केरळमधून ठेकेदारांमार्फत गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या कारखान्यांत आणलेल्या तरुण मुलींच्या कहाण्या तिथे मांडल्या गेल्या: कारखान्याच्या वरच राहणं, अनिश्चित तास, बाहेर जायला परवानगी. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी तेव्हा १९७९ चा कायदा होताच. म्हणजे कायदा नव्हता अशी अडचण नव्हती. कागदावर ती मुलगी कारखान्याची नव्हती, ठेकेदाराची होती.

हा सांधा आजही तितकाच नाजूक आहे. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या पत्रकारांनी आणि एका कायदेविषयक संस्थेने भारतातल्या, मुख्यतः आंध्र प्रदेशातल्या, कोळंबी उद्योगावर वृत्तांत प्रसिद्ध केले. शिक्का असलेल्या कारखान्यातही कामगारांच्या राहण्याची अवस्था वाईट, आणि दाखल्याबाहेरच्या शेडमध्ये सोललेला माल साखळीत शिरतो, असे आरोप त्यात होते. निर्यातदारांच्या संघटनेने ते फेटाळले. खरं-खोटं काय, हे इथे बसून मी ठरवणार नाही. पण आरोपांचं ठिकाण बघा: पुन्हा सोलाई, पुन्हा ठेकेदार.

थोडं विषयांतर, पण आपल्या किनाऱ्यासाठी महत्त्वाचं. महाराष्ट्राची समुद्रातली कोळंबी २०१९ पासून अमेरिकेला जाऊच शकत नाही, कारखान्याकडे कितीही तारे असले तरी. कारण अमेरिकेच्या कायद्यानुसार कासवं वाचवणारी चौकट ट्रॉल जाळ्यात बसवलेली असावी लागते, आणि तिथे दाखला कारखान्याला मिळत नाही, देशाला मिळतो. तसंच सुरिमीचं. रत्नागिरीत राणीमाशाच्या गरापासून सुरिमी बनते. कारखाना आतून कितीही लखलखीत असला तरी जाळ्यात पिल्लं आली असतील तर ती आलीच. त्यासाठी महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं. ते पाळलं जातंय की नाही, हे बंदरावर कळतं, कारखान्यात नाही.

मग कारखान्याच्या आत बसून बाहेरचं काहीच कळणार नाही का? कळू शकतं, असं मला वाटतं, आणि माझ्या प्रबंधाचा एक भाग यावरच आहे. वर सांगितलेला वजनाचा ताळा मासळीसाठी मांडतात, तसाच तो हातांसाठी मांडायचा. समजा एका दिवशी कारखान्यात सहा टन कोळंबी सोलली गेली असं रजिस्टर सांगतं. एक बाई आठ तासांत, समजा, ३० किलो सोलते. हजेरीपटावर १२० बायका आहेत. १२० गुणिले ३०, म्हणजे ३६०० किलो. उरलेले २४०० किलो कोणी सोलले? तेवढ्यासाठी अजून ८० बायका हव्यात. एक तर त्या हजेरीपटावर नाहीत, नाहीतर १२० जणींनीच आठऐवजी तेरा-साडेतेरा तास काम केलं, किंवा माल गेटबाहेरच्या एखाद्या शेडमधून सोलून आला. तिन्ही उत्तरं ऑडिटरला हवीच असतात, आणि तिन्ही मुलाखतीत सहसा मिळत नाहीत, कारण मुलाखत कारखान्याच्याच खोलीत होते.

या हिशोबाला मर्यादा आहेत. करंदी आणि मोठी कोळंबी सोलण्याचा वेग एक नसतो. नवी मुलगी आणि वीस वर्षं हेच काम केलेली मावशी यांचा तर अजिबात नाही. म्हणून आकारानुसार, हंगामानुसार वेगाची नोंद लागते. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीकाळात पश्चिम किनाऱ्याचा माल आटतो, ऑगस्टमध्ये एकदम लोंढा येतो; ताळा कुठल्या महिन्याचा मांडलाय यावर सगळं अवलंबून. नेमक्या ऑगस्ट-सप्टेंबरमधले दिवस निवडले तर फरक असलाच तर तिथेच दिसेल.

आणि हा वेग लिहिलेला असतो, हे विशेष. मजुरी किलोवर असल्यामुळे कुणी किती सोललं याची नोंद कुणीतरी ठेवतंच. कारखान्याच्या संगणकात ती बहुधा नसते. ती असते ठेकेदाराच्या मुकादमाकडच्या वहीत, नावापुढे बादल्यांच्या रेघा मारलेली, पाण्याने अर्धी पुसट झालेली. दाखल्याच्या नियमावलीत जपून ठेवायच्या कागदपत्रांची लांबलचक यादी असते. ती वही त्या यादीत यावी, यासाठी सध्या माझं काम चाललंय.