सीटखालची टाकी

जुन्या जीपची पेट्रोलची टाकी पाहायची तर आधी ड्रायव्हरची सीट काढावी लागते. विलिसच्या जीपमध्ये फ्लोअरच्या पत्र्यालाच एक खोलगट खाच असते. त्या खाचेत टाकी आणि टाकीवर सीट. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस एमबीत पेट्रोल भरायचं म्हणजे ड्रायव्हरनं खाली उतरायचं, सीट उचलायची आणि मग झाकण उघडायचं. पुढे सीजे-3बी आली आणि तीच महिंद्रांनी आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली. तिचीही टाकी सीटखालीच राहिली. नांदेड-लातूर पट्ट्यात वाड्याच्या ढेलजेत किंवा गोठ्याच्या बाजूला अशी एखादी जीप अजून उभी दिसते. बहुतेकींचं पेट्रोल इंजिन केव्हाच उतरवून डिझेल चढवलेलं असतं. मूळ हरिकेन इंजिन शाबूत असलेली जीप विरळाच.

अशी एक जीप औसा तालुक्यातून नांदेडला, देगलूर नाक्याकडच्या एका गॅरेजात आली. मला टाकी बदलण्याचं काम पहिल्यापासून पाहायचं होतं, म्हणून मी तिथं जाऊन बसत असे. गाडी आजोबांची होती आणि नातवाला ती पुन्हा रस्त्यावर आणायची होती. टाकी गळत होती, गळती थांबवायला कोणीतरी तिला अंगाचा साबण चोळला होता. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे रस्त्यात अडलेल्या माणसाला हा उपाय गावापर्यंत पोचवतो. त्यापुढे त्याच्यावर विसंबायचं नसतं.

गॅरेजच्या चाचांनी टाकी बाहेर काढून उलटी केली. वरचा पत्रा बऱ्यापैकी होता, बूड मात्र बोटानं दाबलं तर आत जाई. "पत्रा वरून गेला नाही, खालून गेला," ते म्हणाले, आणि गाडीतल्या रिकाम्या खाचेत बोट फिरवून तिथं साचलेला काळा चिखल त्यांनी दाखवला. त्या खाचेला पाणी वाहून जायला भोक असतं. आपली काळी माती ओली असताना त्यात शिरते आणि वाळली की बुचासारखी घट्ट बसते. मग प्रत्येक पावसाळ्यात टाकी आपल्याच कुंडात उभी राहते. टाकी खराब झाली म्हणताना सगळे आतल्या गंजाकडे पाहतात. इथं खरा दोष त्या बोटभर भोकाचा होता, आणि ते साफ न करता नवी टाकी बसवली असती तर तीही तशीच गेली असती.

आता नवी टाकी कुठं बसवायची, यावर चर्चा सुरू झाली. नातवानं अमेरिकेतल्या हॉट रॉडचे फोटो पाहिले होते. जुन्या फोर्ड गाड्यांना मोठं इंजिन घालून वेगासाठी नव्यानं बांधलेल्या या गाड्या. त्यांत टाकीची जागा हवी तशी बदलतात. फोर्डच्या मॉडेल ए गाडीत टाकी डॅशबोर्डच्या पुढे असे आणि पेट्रोल उतारानं आपोआप इंजिनात जाई, म्हणजे बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोरच पेट्रोल. हॉट रॉडवाल्यांनी टाकी तिथून काढून मागे डिकीत नेली. महायुद्ध संपल्यावर काहींनी तर लढाऊ विमानांच्या जादा इंधनाच्या टाक्या विकत घेतल्या आणि त्या टाकीलाच चाकं लावून कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर शर्यती केल्या. बिल बर्क यांनी 1946 मध्ये अशी पहिली गाडी बनवली. नातवाचं म्हणणं होतं, आपणही मागे मोठी टाकी टाकू, सीटखालची जागा हत्यारांना होईल.

चाचांनी नकार दिला, आणि मला तो पूर्ण पटला. सीजे-3बीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 80 इंच, म्हणजे दोन मीटरच्या जेमतेम वर. मूळ टाकी सुमारे 40 लिटरची. ती भरली की 30 किलोच्या आसपास वजन होतं, आणि सीटखाली ते दोन्ही चाकांच्या मधोमध राहतं. मोठी टाकी भरून मागच्या धुरीपलीकडे टांगली तर एवढ्या आखूड गाडीचा पुढचा भाग हलका होतो. मागून कोणी धडकलं तर पहिला मार टाकीला. तिसरं कारण आपल्या उन्हाचं. या गाडीत पेट्रोल पंप इंजिनवर असतो आणि तो पेट्रोल ओढून घेतो. टाकी मागे गेली की नळी लांबते आणि सायलेन्सरच्या बाजूबाजूनं येते. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना त्या नळीत पेट्रोलची वाफ धरते, पंप नुसती वाफ ओढत बसतो आणि गाडी भर रस्त्यात थांबते. टाकी होती तिथंच बसवायची, असं ठरलं.

मग टाकी कशाची, हा प्रश्न. एरवी बाजारातली तयार पत्र्याची टाकी घेऊन काम उरकलं असतं. पण 2025 पासून पंपावरच्या साध्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते उसापासूनही बनतं आणि आपल्या भागात ऊस काही कमी नाही. मला त्याबद्दल तक्रार नाही, पण ही गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेली नव्हती. इथेनॉल हवेतली ओल धरतं आणि पुरेसं पाणी धरलं की त्यासकट तळाशी बसतं. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला हे फार वाईट. जस्ताच्या पत्र्याची टाकी केली तर जस्त सुटून पांढरी भुकटी होते आणि कार्ब्युरेटर तुंबतो. जुन्या रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात. टाकीतलं पेट्रोल दाखवणाऱ्या पूर्वीच्या काट्यांचा फ्लोट बुचाच्या लाकडाचा असे आणि त्याला लाखेचा थर देत. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, मग बूच पेट्रोल पिऊन बुडतं आणि टाकी भरलेली असली तरी काटा रिकामी दाखवतो. म्हणून 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील, पितळी फ्लोट आणि इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घ्यायच्या ठरल्या.

मूळ टाकीवरून माप घेता येत नव्हतं, ती फुगून वाकडी झाली होती. चाचांनी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून गाडीतल्या खाचेतच टाकी उभी केली. तिरपे कोपरे, तोंडाची नळी, काट्याचं भोक, सगळं पुठ्ठ्यावर. चारही बाजूंना बोट फिरेल एवढी फट ठेवली. सीट ठेवून पाहिली, एक माणूस बसवून पाहिला, स्प्रिंग दबल्यावर सीट खोक्याला टेकते का ते पाहिलं. टेकत होती. उंची थोडी कापली, पुन्हा बसवलं. हा खोका मग एसटीनं लातूरला गेला, कारण पाण्याचे टँकर बांधणारा चांगला आर्गन वेल्डर तिथं ओळखीचा होता.

टँकर बांधणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही, ती म्हणजे आतले पडदे. अर्ध्या भरलेल्या टँकरचा ब्रेक दाबला की पाणी पुढे धावतं आणि गाडीला ढकलतं. म्हणून आत भोकं पाडलेले आडवे पत्रे घालतात. छोट्या टाकीतही तेच. पडदा नसेल तर गचक्यासरशी पेट्रोल एका बाजूला पळतं, ओढनळीचं टोक उघडं पडतं आणि इंजिन झटके मारतं. त्या वेल्डरनं एक पडदा घातला, ओढनळी तळापासून अर्धा इंच वर ठेवली म्हणजे खाली बसलेलं पाणी ओढलं जाणार नाही, आणि सगळ्यात खोल जागी ते पाणी सोडायला बोल्ट दिला.

टाकी नांदेडला आल्यावर तिची भोकं बंद करून आत अगदी थोडी हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावला. कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब दिला असता तर सपाट पत्रा फुगला असता. एका कोपऱ्यात मोहरीएवढा बुडबुडा वाढत गेला. तो सांधा पुन्हा भरला आणि परत फेस लावला.

खाच खरवडून, भोक मोकळं करून, रंग देऊन मग टाकी बसली. खाली जाड रबराच्या पट्ट्या टाकल्या. नमदा टाकला असता तर तो ओल धरून बसला असता. रबरावरच्या टाकीला चेसीपासून वेगळी अर्थ वायर दिली, कारण ती नसेल तर काटा हलत नाही आणि पेट्रोल भरताना ठिणगीची भीती राहते. झाकणाला हवेचं बारीक भोक आहे ना, तेही पाहिलं. ते बुजलं की गाडी थोडी चालून बंद पडते आणि माणूस विनाकारण पंप बदलत बसतो.

जागा न बदलण्याचा आणखी एक फायदा कागदोपत्री आहे. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी आणि व्हीए अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेल्या गाडीला ते मिळत नाही.

तुमच्या घरी अशी जीप असेल तर या पावसाळ्याआधी सीट उचला आणि खाचेतलं भोक तारेनं मोकळं करा. जुनी टाकी जोडून घ्यायची असेल तर एक गोष्ट कोणाच्याही भिडेखातर सोडू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण पेटते ती वाफ, आणि हवेत दीड टक्का वाफही तिला पुरते. वेल्डरकडे नेण्याआधी टाकी धुऊन घ्या, जोडताना ती पाण्यानं जवळपास काठोकाठ भरलेली आहे हे स्वतः पाहा, आणि तो पाणी नको म्हणाला तर टाकी उचलून परत आणा.