उपग्रहचित्रांवरून उथळ समुद्राची खोली

प्रवाळखडकांनी भरलेल्या उथळ समुद्रात खोली मोजणारे जहाज नेणे धोक्याचे असते. अशा ठिकाणी उपग्रहचित्रे उपयोगी पडतात. पाण्यात शिरलेला तांबडा प्रकाश काही मीटरांतच शोषला जातो. हिरवा आणि निळा अधिक खोल जाऊन तळावरून परततो. परतलेल्या रंगांच्या प्रमाणावरून खोलीचा अंदाज बांधला जातो.

१९७५ मध्ये नासा आणि सागरसंशोधक झाक कूस्तो यांनी बहामा बेटांजवळ लँडसॅट उपग्रहाच्या नोंदी ‘कॅलिप्सो’ जहाजावरील चमूच्या प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिल्या. नितळ पाण्यात २२ मीटरपर्यंतची खोली अशा रीतीने कळू शकते, असे त्यात आढळले.

मात्र समुद्रगवताचा काळसर तळ फसवा ठरतो. प्रत्यक्षात उथळ असलेली जागा त्यामुळे नकाशावर खोल दिसते, आणि नाविकाला नेमकी हीच चूक महागात पडते. म्हणून काही ठिकाणची खरी मोजमापे हाताशी असावीच लागतात. २०१८ मध्ये प्रक्षेपित झालेल्या आइससॅट-२ उपग्रहाच्या हिरव्या लेझर किरणांनी ती अवकाशातूनही मिळू लागली. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला रामसेतूचा नकाशा याच किरणांच्या आधारे तयार झाला.

मुंबईलगतच्या गढूळ खाड्यांत मात्र प्रकाश तळापर्यंत पोहोचतच नाही. तेथे नौकेवरूनच मोजणी करावी लागते.