कानाचं यंत्र आणि विमानाचा प्रवास

आमच्या रत्नागिरीकडच्या गावांतून पुष्कळ माणसं पोटापाण्यासाठी मस्कत-दुबईला गेलेली आहेत. त्यांतल्याच एका घरातली ही हकीकत.

या घरात पाच वर्षांची एक मुलगी आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मागे ताट पडलं तरी ती वळून बघत नसे. तीन वर्षांची झाली तेव्हा मुंबईला तिच्या कानाची शस्त्रक्रिया झाली. बाप त्याआधीच मस्कतला गेलेला. मध्यंतरी त्याला रजा मिळाली नाही. इकडे मुलगी ऐकू लागली, शिकून शिकून बोलूही लागली. बापाचा आवाज तिनं ऐकला, पण तो फोनवर. त्यानं समोरून हाक मारली आणि तिनं वळून पाहिलं, असं एकदाही घडलं नव्हतं.

शेवटी बापानं मायलेकींची तिकिटं पाठवली. झालं! घरात काळजी सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, "विमानतळावर विजेचं दार असतं म्हणे. त्यातून गेली तर पोरीच्या डोक्यातलं यंत्र जळेल." शेजारचे काका म्हणाले, "वर आभाळात हवेचा दाब कमी होतो. यंत्र फुटलं म्हणजे?" सूनबाई घाबरली, पण होती शहाणी. मुलीला तपासणीसाठी मुंबईला न्यायचंच होतं. तिथं बोलायला शिकवणाऱ्या बाईंना तिनं एकेक गोष्ट विचारून घेतली.

हे यंत्र आहे तरी काय, ते आधी पाहू. आपल्या कानात खूप आत वाटाण्याएवढा एक भाग असतो. त्याचा आकार गोगलगाईच्या शंखासारखा. आवाज तिथं पोचला की तिथल्या बारीक पेशी मेंदूकडे जाणाऱ्या नसेला वर्दी देतात. या पेशीच नसल्या तर कितीही ओरडा, उपयोग नाही. कानात घालायचं साधं यंत्र आवाज मोठा करतं. इथं नुसता मोठा करून भागत नाही. म्हणून डॉक्टर त्या शंखात एक बारीक तार सरकवतात. तारेवर, यंत्राच्या जातीप्रमाणे, १२ ते २२ ठिपके असतात. त्यांतून विजेचा अगदी सौम्य इशारा सरळ नसेला मिळतो. याला कॉक्लियर इम्प्लांट म्हणतात.

ही तार वळणावळणाच्या शंखात घालायची कशी, हा मोठा प्रश्न होता. ऑस्ट्रेलियात ग्रॅम क्लार्क नावाचे डॉक्टर आहेत. त्यांच्या वडिलांना कमी ऐकू येई. १९७७ साली ते समुद्रकाठी सुटीवर गेले होते. तिथं त्यांनी एक शिंपला उचलला आणि गवताची पाती त्याच्या वळणात घालून पाहिली. टोकाला लवचीक आणि बुडाला ताठ अशी पाती आतपर्यंत गेली! पुढच्याच वर्षी, १९७८ साली, त्यांनी मेलबर्नला पहिली शस्त्रक्रिया केली. आपली कोकणातली पोरं रोज शिंपले वेचतात, त्यांतही एवढं शिकण्यासारखं असतं.

यंत्र महाग आहे. पण केंद्र सरकारची एडिप नावाची योजना आहे. तीत जन्मापासून न ऐकणाऱ्या लहान मुलांना ते मोफत मिळू शकतं. उत्पन्नाची अट आहे, आणि वयाचीही. मूल पाच वर्षांचं व्हायच्या आत चौकशी करावी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची सरकारी संस्था आहे, ती हे काम पाहते.

आता मुख्य गोष्ट. या यंत्राचे भाग दोन. एक आत, कातडीखाली. त्याला लहानसं चुंबक असतं, बॅटरी नसते. दुसरा बाहेर, कानामागे अडकवायचा. त्यातून एक वायर निघते. तिच्या टोकाची चकती चुंबकानं डोक्याला चिकटते. आवाज पकडायचा तो बाहेरच्या भागानं, आणि बॅटरीही त्यातच. बाहेरचा भाग काढला की माणसाला काही ऐकू येत नाही.

सासूबाईंना भीती होती त्या दाराची. हे दार अंगावर लोखंड वगैरे काही आहे का, ते ओळखतं. त्यानं आतलं यंत्र जळत नाही. फार तर दार वाजेल. कधी कधी आत शिरताना कानात गुणगुण होते. नको असेल तर चकती क्षणभर काढावी, पलीकडे गेल्यावर लावावी. दवाखान्यातलं एमआरआय मात्र वेगळं. त्यात फार जबर चुंबक असतं. कानाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यात जायचं नाही. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि घाबरतात.

सामान तपासायची पेटी असते, तिच्यातून बाहेरचा भाग पाठवू नये. तो कानावरच असू द्यावा. यंत्राबरोबर एक कार्ड मिळतं. त्यावर यंत्राचं नाव लिहिलेलं असतं. ते कार्ड हातातच ठेवावं. मुंबईला तपासणी करणाऱ्या बाईंच्या हातातला दांडा मुलीच्या कानाजवळ कुंई-कुंई करायला लागला. आईनं कार्ड पुढं केलं आणि म्हणाली, "ऑपरेशन झालंय बाई, हे काढलं तर तिला ऐकू येणार नाही." बाईंनी कार्ड वाचलं, हातानं तपासलं आणि सोडलं.

न ऐकणाऱ्या माणसाला विमानतळावर खरा त्रास होतो तो घोषणांचा. दार बदललं, वेळ बदलली, तर कळत नाही. यंत्र असलं तरी गलक्यात बोललेलं नीट उमगत नाही. म्हणून तिकीट काढतानाच कंपनीला सांगून ठेवावं, आणि फळ्यावर लिहून येतं त्यावर नजर ठेवावी. विमानात हवाई सुंदरीलाही सांगावं. संकटसमयी काय करायचं ते ती खुणेनं दाखवते. यंत्र विमानात चालू ठेवता येतं. त्याला फोन किंवा दुसरं काही बिनतारी जोडलेलं असेल तर तेवढं, सूचना होईल तेव्हा, बंद करावं.

विमान उडालं. अर्ध्या तासानं मुलीनं कानाला हात लावला. म्हणाली, "आई, आवाज गेला."

आईच्या पोटात गोळाच आला. काकांचं बोलणं आठवलं. फुटलं की काय?

पण तसं होत नाही. हवेच्या दाबानं आतलं यंत्र बिघडत नाही. दडे बसतात ते पडद्यामागच्या पोकळीतली हवा अडकून. तिथून घशाकडे एक नळी जाते. पाणी प्यालं, गोळी चघळली, आवंढा गिळला की नळी उघडते आणि कान मोकळा होतो. हे तुमच्या-माझ्याही कानाला होतं. मात्र शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, किंवा जबर सर्दी असेल, तर डॉक्टरांना विचारूनच विमानात बसावं.

मग आवाज गेला कशानं? शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, "आधी बॅटरी बघा." आईनं पाहिलं. बॅटरी संपली होती. आणि नव्या बॅटऱ्या कुठं? खाली, विमानाच्या पोटात, मोठ्या बॅगेत. कोकमं आणि पापडांच्या मध्ये! या घरच्या बॅटऱ्या बटणासारख्या होत्या. पुन्हा भरता येणारी लिथियमची सुटी बॅटरी असती तर ती मोठ्या सामानात टाकायला मनाईच आहे, कारण ती पेट घेऊ शकते. कुठलीही असो, जवळच्या पिशवीत, वेष्टनासकट ठेवावी.

दोन तास मुलगी आईचा पदर धरून बसली. काही बोलली नाही. विमान उतरू लागलं तेव्हा आईनं खुणेनंच तिला घोट घोट पाणी पाजलं.

मस्कतला सामानाच्या पट्ट्यापाशी दोघी उभ्या राहिल्या. बॅगा येत होत्या, यांची काही येईना. काचेपलीकडे बाप आला असेल, हाक मारत असेल, आणि पोर वळायची नाही, हेच आईच्या मनात. अखेर बॅग आली. आईनं ती तिथंच जमिनीवर उघडली. बॅटरीवरची चिकटपट्टी काढली. ही बॅटरी हवेवर चालते, म्हणून पट्टी काढल्यावर थोडं थांबावं लागतं. तेवढंही तिला थांबवेना, पण थांबली. बॅटरी बसवली, चकती लावली.

"येतंय का गं ऐकू?"

"येतंय."

दोघी बाहेर आल्या. गर्दी फार होती. कठड्यापलीकडून बापानं मुलीचं नाव घेऊन हाक मारली. आईला तो अजून दिसलाही नव्हता. मुलगी आधी वळली.

परतीच्या वेळी बॅटऱ्या आईच्या गळ्यातल्या पिशवीत होत्या, कार्डाशेजारी.